वेडावाकडा म्हणजे हातचा?

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही हॉलमधलं दिवाळी प्रदर्शन घ्या. कंदील-मेणबत्त्यांच्या शेजारी घरगुती साबणाचं एक टेबल असतंच, आणि त्या टेबलावरचं एक वाक्य ठरलेलं असतं. गिऱ्हाईक दोन वड्या हातात घेऊन एक जाड, एक बारीक असं बघायला लागलं की पलीकडून येतं, "हातचा आहे ना ताई, म्हणून थोडा वेडावाकडा." ताई समजूतदारपणे मान डोलावतात, बारीक वडी परत ठेवतात आणि जाड उचलतात. त्यांचं गणित बरोबर असतं.

हे वाक्य मला मान्य नाही. त्याच्या जोडीने फिरणारी आणखी दोन वाक्यंही नाहीत. एक, "घरच्या दहा वड्यांना कटर कशाला, सुरी आहे की." दुसरं, "कटर म्हणजे काय, गिटारची तार लावली की झालं." वेडावाकड्याच्या कौतुकाचा राग येतो आणि सुरीच्या अभिमानाचं हसू येतं. गिटारवाल्याशी मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तो निदान कटर करायला निघालाय.

आधी वजन. अडीच सेंटिमीटर जाडीची वडी 100 ग्रॅम भरत असेल, तर एक मिलिमीटर म्हणजे चार ग्रॅम. हा साधा भागाकार आहे. सुरीने कापताना तीन मिलिमीटर इकडेतिकडे होणं नित्याचं आणि बऱ्याचदा तर एकाच वडीच्या वरच्या आणि खालच्या कडेत तेवढा फरक असतो. म्हणजे 88 ग्रॅमची वडी आणि 112 ग्रॅमची वडी एकाच टोपलीत, एकाच भावाने. वैधमापन शास्त्राच्या 2011च्या आवेष्टित वस्तू नियमांत 50 ते 100 ग्रॅमच्या पाकिटाला साडेचार ग्रॅमपर्यंतची तूट चालवून घेतलेली आहे. जाडीच्या भाषेत ही सवलत एक मिलिमीटरच्या जरा वर जाते. डोळ्याच्या अंदाजाने सुरी चालवून सलग दहा वड्या एवढ्या अंतरात बसवणारा हात मी तरी बघितलेला नाही. मग पाकिटावर वजन लिहायचं कसं? बहुतेक जण लिहीतच नाहीत, किंवा सगळ्यांवर '100 ग्रॅम' छापून मोकळे होतात. त्यातलं जे कमी भरतं त्याला 'हातचं' म्हणायचं आणि सुटायचं.

साबणाला कायद्याने आणखी एक मुभा दिली आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. दुकानातल्या कुठल्याही साबणाच्या वेष्टनावर बारीक अक्षरात 'पॅक करतेवेळचं निव्वळ वजन' अशा अर्थाचे शब्द असतात. साबण वाळतो, पाणी उडतं, वजन घटतं, हे कायद्याला मान्य आहे. पण त्यासाठी पॅक करतेवेळी वजन केलेलं असावं लागतं. घरगुती साबण कापल्यावर चार ते सहा आठवडे मुरतो आणि त्या काळात शेकडा दहा-पंधरा वजन सहज गमावतो. म्हणून 100 ग्रॅमची वडी विकायची असेल तर ती कापतानाच 115च्या आसपास भरायला हवी. हा हिशोब आधी करायचा तर जाडी आपल्या ताब्यात हवी. सुरीवाल्यांच्या ती नसते.

आता सुरीने नेमकं होतं काय ते ओट्यावर वाकून बघू. आदल्या रात्री ओतलेली लादी साच्यातून काढली, रुंद पात्याची सुरी वर ठेवली आणि दाबली. पातं पाचरीसारखं आत जातं. जेवढी त्याची जाडी, तेवढा साबण दोन्ही बाजूंना लोटला जातो. मधला भाग अजून मऊ असतो म्हणून तो दबतो. कडा वाऱ्याने घट्ट झालेल्या असतात, त्या तडकतात. पातं निम्म्यावर पोचेपर्यंत दोन्ही अंगांना साबण चिकटतो आणि सुरी ओढली जाते. मग मनगट नकळत कलतं. तळाशी शेवटचा अर्धा सेंटिमीटर कापला जात नाही, तुटतो, आणि खालच्या कडेचा टवका उडतो. पुढच्या वडीच्या आधी पातं पुसलं नाही तर पहिलीचा चुरा दुसरीच्या अंगावर रेघा ओढतो. 0.3 मिलिमीटरच्या ताणलेल्या तारेला लोटायला जागाच नसते. ती आत शिरते, मागचा साबण पुन्हा जवळजवळ मिटतो, आणि वडी हाताने बाजूला केल्याशिवाय काप दिसतही नाही. अळूवडीचा वाफवलेला उंडा सुरीऐवजी दोऱ्याचा फास आवळून कापणाऱ्या आज्यांना हे कुणी शिकवायची गरज पडली नव्हती.

जाडबारीक वड्यांचा दुसरा तोटा न्हाणीघरात दिसतो. बारीक वडी तीन आठवड्यांत खडखडीत होते, जाडीच्या पोटात पाणी राहतं. दोन्ही एकाच दिवशी विकायला बसवल्या की जाड वडी घेणाऱ्या ताईंच्या साबणदाणीत आठ दिवसांत लगदा होतो आणि 'घरगुती साबण फार विरघळतो' ही कीर्ती सगळ्याच घरगुती साबणांच्या माथी बसते. जाड उचलून फायदा झाला असं वाटलेल्या ताईंचाही असा तोटाच होतो.

"पण यंत्र आलं की हात गेला," हा आक्षेप जरा भावनेचा असतो, म्हणून त्याला नाव घेऊनच उत्तर देतो. हाताच्या कामाचा या देशातला सगळ्यात मोठा वकील गांधी. त्यांनी 1924 मध्येच सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या यंत्रविरोधातून सूट दिली होती. 1929 मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख! किर्लोस्करवाडीतून त्या स्पर्धेसाठी चरखा गेला होता. बक्षीस कुणाच्या पदरात पडलं नाही, कारण अटी कडक होत्या: चरखा स्वस्त हवा, खेड्यात दुरुस्त होणारा हवा, घरी चालवता येणारा हवा. म्हणजे सूत वेडंवाकडं निघालं तरी हातचं म्हणून गोड मानून घ्या, असं चरखा संघ म्हणत नव्हता. चांगलं सूत निघेल असं घरात मावणारं हत्यार आणा, असं म्हणत होता. वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणीवर झालेलं कामही त्याच जातीचं. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचं मुख्य कार्यालय तर आपल्या पार्ल्यात, इर्ल्याला आहे, आणि अखाद्य तेलं आणि साबण हा त्यांच्या ग्रामोद्योगांमधला जुना विषय. ग्रामोद्योग म्हणजे हत्यारांशिवायचा उद्योग, अशी समजूत तिथे कुणी करून दिल्याचं ऐकिवात नाही.

आणि तार हे काही कालचं फॅड नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी कारखान्यांत उकळलेला साबण मोठमोठ्या लोखंडी चौकटींत ओतून थिजवत. त्या ठोकळ्याच्या लाद्या आणि लाद्यांचे बार तारेनेच कापत. मळलेला साबण दाबून बाहेर काढणारी यंत्रं आली ती नंतर. आपल्याकडे टाटांच्या 501चे लांबलचक बार घरी आणून दोऱ्याने किंवा तारेने तुकडे केलेले अजून पुष्कळांना आठवत असतील. चकाल्याला हिंदुस्तान युनिलिव्हरचं मुख्यालय, विक्रोळीला गोदरेज, अशा शेजारात आपण राहतो. गोदरेजने 1918 मध्ये 'चावी' काढला, तो प्राण्यांची चरबी न वापरता केलेला जगातला पहिला साबण म्हणून सांगतात. मार्सेलच्या ऑलिव्ह तेलवाल्यांना हे सांगायला कुणी जाऊ नये, त्यांच्याकडे 1688चं राजाचं फर्मान आहे. पण मुद्दा असा की साबण कारखान्यात गेला तेव्हा तार कारखान्याकडून नवी आली नाही. ती हातकामातलीच होती आणि आता घरी परत येते आहे इतकंच.

आता गिटारची तार. गिटारला सहा तारा असतात आणि सगळ्या सारख्या नसतात. बारीक दोन-तीन साध्या पोलादी; जाड तारांवर बारीक वेढे गुंडाळलेले. वेढ्यांची तार लावली की प्रत्येक वडीच्या तोंडावर रेघोट्या उठतात आणि वेढ्यांत साबण भरून बसतो. क्लासिकल गिटारच्या तारा तर नायलॉनच्या, त्या ताणल्यावर लांबतात. तेव्हा दुकानात जाऊन नुसती 'गिटारची तार' मागू नका. 'पहिली तार, साधी स्टीलची' असं सांगा. ती 0.25 मिलिमीटरच्या आसपास असते. सतारीच्या बाजाची तार साधारण 0.3ची, तीही उत्तम; आणि गिटारचं दुकान शोधत धोबीतलावपर्यंत जाण्यापेक्षा ती उपनगरातल्या क्लासवाल्या गुरुजींच्या ओळखीने जास्त लवकर मिळते. सगळ्यात चांगली स्टेनलेसची कडक स्प्रिंग वायर, नागदेवीला. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत साधं पोलाद चार दिवसांत तांबूस धरतं, स्टेनलेस धरत नाही. साधीच तार असेल तर काम झाल्यावर ताण सैल करून तिच्यावरून खोबरेलाचं बोट फिरवा. इलेक्ट्रिशियनकडून फुकट मिळालेली तांब्याची तार मात्र नको. ती मऊ असते, पहिल्याच लादीत लांबते, आणि तांब्याच्या संगतीने तेल लवकर खवट होतं. वड्यांवर महिन्याभराने उठणारे नारिंगी ठिपके ज्यांनी पाहिलेत, त्यांनी तांबं साबणापासून दूरच ठेवावं.

चौकटीबद्दलचा एक सल्ला मुंबईत सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे: "खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची बनवून घ्या, साकीनाक्याला कुणीही करून देईल." करून देईल, खरं आहे. पण एक दिवसाच्या साबणात कॉस्टिक सोड्याचा अंश शिल्लक असू शकतो, आणि कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातो. पट्टी काळवंडते, तिच्यावर खड्डे पडतात आणि करडा डाग वडीच्या बुडाला लागतो. याच कारणाने साबणासाठी अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं वापरू नका हे ज्यांना पाठ असतं, तेच लोक अ‍ॅल्युमिनियमच्या पाटावर साबण कापताना दिसतात. साबण टेकतो तिथे लाकूड, स्टेनलेस किंवा जाड प्लास्टिक, बाकी काही नाही. कापताना हातमोजेही याच कारणासाठी.

दुसरा गैरसमज दहा तारांच्या कटरचा. एका दाबात दहा वड्या पडतात, दिसायला झोकदार, म्हणून सगळ्यांना तोच हवा. जरा ताणाचा हिशोब करा. 0.25ची तार गिटारवर सुरात असते तेव्हा तिच्यावर सुमारे सात किलोचा ताण असतो. साबणातून सरळ जायला तेवढा तरी हवाच. दहा तारा म्हणजे सत्तर किलो, आणि ते रात्रंदिवस एका लाकडी चौकटीला आतल्या बाजूला ओढत बसतात. प्लायची चौकट महिन्याभरात कमान घेते. कमान आली की मधल्या तारा ढिल्या पडतात, आणि ढिली तार सुरीपेक्षा वाईट. ती मध्ये मागे राहते, वाटेत बाजूला सरकते आणि वडीला पोट काढते. त्यातली एक तुटली की शेजारच्यांचा ताण बदलतो. असा कटर लोखंडी सांगाड्याचाच हवा, आणि तो दिवसाला दहा लाद्या कापणाऱ्याला परवडतो. घाटकोपरच्या वन बीएचकेत आठवड्याला एक लादी ओतणाऱ्या बाईने तो घेऊन ठेवायचा कुठे? माळ्यावर?

घरासाठी एकच तार पुरते, आणि तिची चौकट हार्डवेअरच्या दुकानात तयार टांगलेली असते. तिचं नाव हॅकसॉ. बारा इंची, पोलादी, पुढे ताण द्यायला बटरफ्लाय नट. पात्यापासून वरच्या दांडीपर्यंतची खोली मोजून घ्या. सात सेंटिमीटर उंचीची लादी खाली मावली पाहिजे. पातं काढण्याआधी त्याचं शेवटचं काम करून घ्यायचं. सागाच्या किंवा मरीन प्लायच्या फळीला दोन बाजूंच्या उभ्या पट्ट्या मारून लादी सरकेल एवढी पन्हळ करा, पट्ट्यांना गुण्या लावून काटकोनात एक फट त्याच पात्याने कापा आणि ती तळाच्या फळीत दोन-तीन मिलिमीटर उतरू द्या. तळात उतरलेली ही फट महत्त्वाची. तार साबणाच्या खालपर्यंत जाऊन बाहेर पडली तरच खालच्या कडेचा टवका वाचतो. मग पातं काढून दोन्ही पिनांना तार अडकवायची, टोकाला दोन-तीन वेढे देऊन पकडीने पीळ घट्ट करायचा आणि नट आवळायचा. छेडल्यावर तार टणत्कारली पाहिजे. थप्प वाजली तर आणखी आवळा.

फट पात्याच्या कापाच्या रुंदीची, म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास, आणि तार तिच्या तिसऱ्या हिश्शाची. म्हणून तार प्रत्येक वेळी फटीच्या एकाच भिंतीला टेकवून खाली आणायची, नाहीतर वर सांगितलेली साडेचार ग्रॅमची सवलत निम्म्याहून जास्त फटीतच खर्च होते. फटीपासून ठरलेल्या अंतरावर लाकडाचा ठोकळा अडसर म्हणून बसवा, तोही बटरफ्लाय नटवर म्हणजे पुढेमागे करता येतो. लादी अडसराला टेकवायची, तार खाली, वडी बाजूला, लादी पुढे. पहिली वडी काट्यावर ठेवून अडसर सरकवायचा. जाडीचा आकडा विसरलात तरी चालेल, वजनाचा विसरू नका.

हे सगळं केल्यावरही साबण फुटू शकतो, आणि मग दोष तारेला मिळतो. आपल्याकडचे घरगुती साबण खोबरेलावर चालतात. निम्म्याहून जास्त खोबरेल असलेली लादी झपाट्याने कडक आणि ठिसूळ होते. संध्याकाळी ओतून दुसऱ्या दिवशी ऑफिसहून आल्यावर कापायला बसलात तर तारेखाली तिचे कोपरे झडणारच. अशी लादी सहा-आठ तासांत कापायची. मीठ घातलेली असेल तर दोन-तीन तासांतच. ऑलिव्हवाली मात्र दोन-तीन दिवस थांबते, घाई केली तर तारेला लोंबते. बोट दाबून ठसा उमटावा पण बोटाला काही लागू नये, तेव्हा कापा. मे महिन्यात लादी स्वतःच्याच उष्णतेने तापून लवकर तयार होते, जुलैत तासन्‌तास रेंगाळते, त्यामुळे घड्याळ पाठ करून उपयोग नाही. वर गुलाबपाकळ्या किंवा कडुलिंबाचा पाला पसरला असेल तर लादी आडवी करून कापा, म्हणजे तार पाकळ्यांना ओढत खालपर्यंत नेणार नाही. साबणात जाडेभरडे बी घालणाऱ्यांनी तारेकडून फार अपेक्षा करू नये, ती अडखळते. ही मर्यादा खरी आहे.

प्रामाणिक आक्षेप एकच ऐकलाय: सिलिकॉनचे एकेक वडीचे साचे घ्या, कापायची भानगडच नको. वजन त्यात सारखं येतं, मान्य. पण लहान साच्यात साबणाची ऊब टिकत नाही, सोडवायला जास्त दिवस लागतात, आणि तीस वड्यांचे साचे पसरून ठेवायला ओटा अडकतो तो वेगळाच. ज्यांना जागा आहे त्यांनी ते जरूर वापरावेत. ते सुरीचं समर्थन मात्र होत नाही. आणि विकायला बसणाऱ्यांनी साचा, तार, सुरी या कशाहीआधी 2020च्या कॉस्मेटिक्स नियमांखालचा परवाना बघावा. साबण त्यात मोडतो.

शेवटी राहतो तो उद्गार, "कोण वजन करून बघतंय?" हे म्हणणाऱ्यांना उपनगरातलं गिऱ्हाईक माहीत नाही. मुंबई ग्राहक पंचायत 1975 साली सुरू झाली ती याच घरांच्या जिवावर. महिन्याचं वाणसामान एका सभासदाच्या घरी उतरवून शेजारणींनी आपसात वाटून घेण्याची रीत तिने लावली, आणि त्या घरांतल्या मुली-सुना आज तुमच्या टेबलासमोर उभ्या असतात. शिवाय केकच्या हौसेपायी डिजिटल काटा आता पुष्कळांच्या ओट्यावर आलाय. जाड वडी उचलणाऱ्या ताई घरी गेल्यावर ती त्यावर ठेवून बघतात. पुढच्या दिवाळीला त्यांनी तुमचं टेबल टाळलं, तर साबण वेडावाकडा होता म्हणून टाळलं की वजनात खोटा होता म्हणून, हे त्या तुम्हाला सांगायला येणार नाहीत.